सगळ्याच बहिणी सही करतात

आम्ही खानदेशात गेलो ते एका सहीपायी.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या मूळ गावी तीन एकर जमीन आहे. ती विकायचं माझ्या धाकट्या भावाने, निखिलने, ठरवलं आणि गिऱ्हाईकही मिळालं. अडचण एवढीच होती की सातबाऱ्यावर बाबांच्या बरोबरीने त्यांच्या थोरल्या बहिणीचं, सिंधूआत्याचंही नाव होतं. तिने हक्कसोडपत्रावर सही केली की काम झालं. निखिल बंगळुरूला असतो. फोनवर म्हणाला, "ताई, तू नाहीतरी भटकतच असतेस. जाऊन ये. एक चांगली साडी ने. सगळ्याच बहिणी सही करतात, त्यात काय?"

मला त्यात काहीही खटकलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासून शहाणी होते.

उलट मी खूश झाले. माझ्या प्रवासाच्या ब्लॉगसाठी एका पोस्टचा विषय कधीपासून डोक्यात घोळत होता. आपण 'सामान्य माणूस, सामान्य माणूस' म्हणतो तो नेमका कोण? माझं उत्तर तयार होतं: मीच. पुण्यात दोन खोल्या आणि हॉल, नवऱ्याची नोकरी, गाडीचा हप्ता, वर्षाकाठी दोन सहली आणि भाजीवालीशी कोथिंबिरीवरून घासाघीस. सरासरी भारतीय शोधायला निघालात तर तो आमच्याच जिन्यात भेटेल अशी माझी खात्री होती. वाटेत भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, असं ठरवलं: "तुम्ही स्वतःला सामान्य भारतीय समजता का?"

"लोक वेड्यात काढतील," अभय, म्हणजे माझा नवरा, म्हणाला आणि गाडीत हवा भरून आणायला गेला.

पहिला दिवस

डिसेंबरातल्या शनिवारी पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. नगरमार्गे संभाजीनगर, पुढे कन्नड आणि मग घाट उतरून चाळीसगाव. घाटात सतत काही ना काही काम निघतं, म्हणून कन्नडला चहा घेताना रस्ता सुरू आहे ना, हे विचारून घ्या. आम्हाला घाटात पाऊण तास लागला, पण उतरताना खालची काळी रानं आणि त्यांत फुटलेला पांढरा कापूस दिसला आणि शीण गेला.

चाळीसगावात शेवभाजी खाल्ली. दोघांचं पोटभर जेवण साडेतीनशेत. तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागा. गल्ल्यावरच्या मालकांना मी माझा प्रश्न विचारला.

ते चमकलेच. "मी? हॉटेलवाला कसा सामान्य असेल ताई? सामान्य माणूस नोकरीवाला. त्याला रविवार असतो."

मी वहीत लिहून घेतलं. जळगावात पोचेपर्यंत चार वाजले. स्टेशनजवळ बऱ्यापैकी लॉज चौदाशेला मिळालं.

दुसरा दिवस

अभयच्या ऑफिसातल्या एकाचे काका, प्रभाकरनाना, रावेरकडे असतात. केळीची बाग बघायला आणि भरीत खायला त्यांनी बोलावलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती केळी. पानांच्या सावलीत गाडीतसुद्धा गारवा येतो. घड उतरवायचं काम चालू होतं. एकेक घड माणसं खांद्यावर गादी ठेवून बाहेर आणत होती, लेकरू आणावं तसा.

शेतातच कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, सोलली, लाकडी बडजीत, म्हणजे उखळीत, मिरच्यांबरोबर ठेचली आणि त्यावर कांद्याची पात आणि तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. या भरिताबद्दल मी आणखी काही लिहीत नाही. हिवाळ्यात जा आणि खा.

मग नाना म्हणाले, "चला, घर बघा." साठ एकर केळी, मुलगा आखातात माल पाठवतो, हे ऐकलं होतं. तरी दारातून आत गेल्यावर मी थबकले. घरात लिफ्ट होती. दोन मजल्यांच्या घरात! आत आरसा आणि बसायला मखमली स्टूल.

"नाना, तुम्ही स्वतःला सामान्य भारतीय समजता का?" मी विचारलं.

"मग काय बापा!" नाना मनापासून म्हणाले. "आम्ही आपली साधी माणसं. पाऊस पडला तर खातो. श्रीमंत म्हणजे तिकडं, तुम्ही पुण्यामुंबईची लोकं."

परतताना भुसावळ येईपर्यंत आम्ही हसत होतो. "लिफ्टवाला सामान्य माणूस!" अभय दर दहा मिनिटांनी म्हणायचा. नानांना स्वतःचं घर दिसत कसं नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

तिसरा दिवस

जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळं हा रस्ता आता चौपदरी आणि मस्त आहे. पारोळ्याचा किल्ला डोंगरावर नाही, गावातच आहे. बाजारातून वाट काढत जायचं, अर्ध्या तासात बघून होतो. धुळ्याच्या पुढे सोनगीरला तांब्यापितळेची दुकानं लागतात. मी एक पितळी डबा घेतला. तिथून शिंदखेड्याकडे वळलो.

आत्याला मी शेवटचं बाबांच्या दहाव्याला पाहिलं होतं, तेव्हा गर्दीत चार शब्दही झाले नव्हते. तिचं गाव मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. घर कुठलं हे विचारावं लागलं नाही, कारण पिठाच्या गिरणीचा आवाज लांबूनच येत होता आणि गिरणी तिचीच. आत्याचे यजमान पंचवीस वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून तीच चालवते. सत्तरी ओलांडलेली बाई भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली.

"वं माय! मना भाऊनी पोर उनी!" भावाची मुलगी आली, असं ओरडत तिने पट्टा थांबवला आणि पिठाच्या हातांनीच माझं तोंड कुरवाळलं.

घरात आणखी एक म्हातारी होती. आत्याहून थकलेली, पण हात चपळ. कमळबाई. तिने वरण-बट्टी केली होती. आम्ही जेवलो, बाबांच्या लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. ते विहिरीत पडले होते आणि आत्याने दोर सोडून वर काढलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. दुपार छान चालली होती.

मग मी साडी काढली, साडीवर कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. उद्या सकाळी तालुक्याला जाऊ, तासाभराचं काम आहे, गाडीनेच आणून सोडू.

आत्याने हात धुतले, चष्मा लावला आणि पूर्ण कागद वाचला. ओळीखाली बोट धरून, सावकाश. ती माझ्याशी अर्धं अहिराणीत आणि अर्धं शाळेतल्या मराठीत बोलत होती. कागद खाली ठेवून तिने विचारलं, "भाऊचा पुण्याचा फ्लॅट विकला म्हणे?"

"हो, मे महिन्यात."

"पैसा निखिलले?"

"नाही, दोघांना. अर्धा-अर्धा."

हे मी जरा अभिमानानेच म्हणाले. कारण तो अर्धा मला सहज मिळाला नव्हता. निखिलशी दोन महिने वाद घातला होता, वकिलाकडे गेले होते. मी काय परक्याच्या घरातून आलेय का, असं त्याला सुनावलं होतं. मैत्रिणींनी माझं कौतुकही केलं होतं.

"चांगलं करं तू," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघत, अगदी शांतपणे: "मंग माले कसाले नई?"

मग मला का नाही?

माझ्या कानात गिरणी सुरू झाल्यासारखं झालं. उत्तर द्यायलाच हवं होतं, आणि तोंडातून निघालं ते असं: "आत्या, अगं, रीतच आहे ना. सगळ्याच बहिणी सही करतात. आपल्यासारख्या सामान्य घरांत..."

अभय खाली बघत होता. मी वाटाघाटीला आलेय, दीड एकराच्या बदल्यात एक साडी घेऊन आलेय, आणि माझ्या वाट्याच्या वेळी मी वकील गाठला होता. हे तिघांनाही एकाच वेळी कळलं होतं. दोन दिवस मी जगाला सामान्य कोण ते विचारत हिंडत होते.

"करतस ना," आत्या म्हणाली. "सगळ्या, बठ्ठ्या करतस. हिनी बी करी." तिने कमळबाईकडे मान वळवली. "ही मनी नणंद. हिच्या बापाची जमीन. ही गिरणी त्याच जमिनीवर. हिची सही मीच घेतली. साडी नेसवली, पुरणपोळी केली, आणि मी सांगितलं, रीत शे बाई."

कमळबाई ताटं उचलत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "सही कुठची? अंगठा दिधा मी."

"रडत होती," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, माहेर तुटतंय म्हणून रडते. सहा वर्षांनी हिचा नवरा गेला, दिरांनी काढून दिली. ही दारात आली तेव्हा मला विचारते, वहिनी, राहू का? तिच्या बापाच्या जागेत उभी राहून मला विचारते, राहू का?"

आत्याने चष्मा काढला. "मंग अर्धी गिरणी तिच्या नावावर केली. तालुक्याला पाच चकरा मारल्या. तिथला माणूस हसे. म्हणे, अक्का, असं कोणी करत नाही."

मी तो प्रश्न विचारला, पण आता वहीसाठी नव्हता. "आत्या, मग तू सामान्य नाहीस का गं?"

"शे ना!" ती हसली. "सामान्य होते म्हणून तर हिचा अंगठा घेतला. बठ्ठा लोके करतस तेच करं."

कागद तिने घडी घालून माझ्या हातात दिला. "मी सही करस नई." साडी मात्र ठेवून घेतली. मी ओशाळून परत घेऊ लागले तर हातावर चापट मारली. "साडी दे. ती भाऊकडची शे."

निघताना पिठाची पिशवी दिली. गाडीत बसलो तेव्हा दोघी दारात उभ्या होत्या. शिंदखेड्याचा फाटा आला. अभय म्हणाला, "आपण नानांना हसलो." मी काच खाली केली.

चौथा दिवस आणि नंतर

रात्री धुळ्याला मुक्काम केला, त्या लॉजमधूनच निखिलला फोन केला होता. तो आधी समजावत होता, मग चिडला. "ताई, आपण काय जगावेगळे आहोत का? गावात एक तरी घर दाखव!" त्याचं चुकत नव्हतं. दाखवायला माझ्याकडे एकच घर होतं.

परत येताना मालेगाव-नाशिक रस्ता धरला. लांब वाटतो, पण सरळ आहे. आठ तासांत पुणं. चार दिवसांचा पेट्रोल, लॉज, खाणं असा खर्च साधारण पंधरा हजार आला. जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच जा, उन्हाळ्यात तिकडे माणूस भाजून निघतो.

घरी आल्यावर मी निखिलला कळवलं की आत्याचा अर्धा हिस्सा मोजून वेगळा झाल्याशिवाय मीही सही करणार नाही. गिऱ्हाइकाला सलग तीन एकर हवे होते, त्यामुळे सौदा मोडला. मोजणीचा अर्ज दिलाय. निखिल आता माझ्याशी फक्त मेसेजवर बोलतो, तेही 'ओके' इतपत. मला याचा त्रास होतो. पैसेही हवे होते, खोटं कशाला बोलू? आणि आत्याने विचारलंच नसतं तर मी आनंदाने सही घेऊन आले असते, सोनगीरच्या डब्याचा फोटो टाकला असता आणि शेवभाजीची कृती लिहिली असती. हेच सगळ्यात जास्त डाचतं. मी वाईट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. इतरांसारखीच आहे, एवढं पुरेसं वाटायचं.

परवा दुपारी केतकीचा, निखिलच्या बायकोचा, फोन आला. तिचं माहेर अमरावतीचं. आवाज दबका होता.

"ताई, माझ्या भावांनी कागद पाठवलेत. वडिलांच्या घराचे. सही करून दे म्हणतात."

"मग? निखिल काय म्हणतो?"

"तो म्हणतो, अजिबात करू नकोस. कायद्याने तुझा हक्क आहे."

तिने ते वाक्य मोठ्याने म्हटलं, तेव्हा तिलाही ते पहिल्यांदाच ऐकू आलं असावं.

"ताई," ती म्हणाली, "मला सिंधूआत्यांचा नंबर द्याल?"