दोन्ही वायरी माझ्या हातात होत्या

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पंधरा वर्षं पांढुर्ण्यात अलार्म बसवायचं काम करतोय... आमच्या धंद्यात 'आपोआप वाजला' असं काही नसतं. कुठंतरी वायर ढिली असते, एवढंच. तरी मागच्या हिवाळ्यातली ती दुपार आठवली की अजून अंगावर काटा येतो.

सौंसरजवळ मोहगावच्या रस्त्याला वसंतभाऊंचं कापसाचं गोदाम आहे. तिथला अलार्म मीच बसवलेला, भोंगा मागच्या भिंतीवर. आठवडाभर मागच्या दाराचा सेन्सर उगाच वाजत होता.

"तुमचा अलार्म चोराले नाही, आमालेच भेव दाखवून राहिला," वसंतभाऊ म्हणाले.

सेन्सर उघडला. स्क्रूखाली तांब्याच्या दोनच तारा दबलेल्या, बाकीच्या बाहेर. दार आपटलं की हलायच्या. चूक माझीच होती. वायर नव्यानं सोलली, तारांना पीळ दिला, स्क्रू आवळला, ओढून पाहिलं — पक्की. दार आपटलं तरी धक्का बसू नये म्हणून वायर भिंतीला क्लिपनं बांधली.

मग पुढच्या ऑफिसात येऊन मुख्य पॅनल उघडलं. तिथलेही स्क्रू आवळायचे, म्हणून आधी पॅनलचा लाईटचा प्लग काढला, मग बॅटरी. बॅटरीच्या दोन्ही वायरी माझ्या हातात होत्या...

आणि भोंगा वाजला.

पॅनलवर मागच्या दाराचा लाल दिवा लागलेला. वसंतभाऊ खुर्चीतून उठले. "बंद कर ना, भाऊ."

"बंदच हाये," मी म्हणालो. वायरी वर धरून दाखवल्या.

दोघंही मागं पळालो. दार उघडलं तर धुराचा भपकारा! कापसाचा ढीग खालून धुमसत होता — कुणाची तरी न विझलेली बिडी असावी. पलीकडे, भिंतीच्या आडोशाला, कांताबाई. कापूस निवडायला येणाऱ्या. जेवून तिथंच आडव्या झालेल्या, गाढ झोपेत. वसंतभाऊंनी त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं. मी पाण्याची मोटार लावून पाईप धरला. आग विझली, पण तेवढ्या पाच मिनिटांत अर्धा ढीग लाल झाला होता. अजून थोडा उशीर झाला असता तर... सोडा.

भोंगा कधी थांबला, लक्षातच आलं नाही. परत जाऊन पाहिलं — बॅटरी टेबलावर, प्लग बाहेर. भोंग्यात वेगळी बॅटरी नाही, मीच तर बसवलाय. नागपूरच्या माझ्या उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, उरलेला करंट असेल. पण उरलेला करंट फार तर क्षणभर पुरतो.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. खोकला थांबल्यावर कांताबाईंना मी म्हणालो, "मावशी, डोक्यावर एवढा भोंगा वाजून राहिला होता, जाग नाही आली?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"कोनता भोंगा, बाप्पा? काहीच नाही वाजलं. तुमी दार उघडलं तवा जागी झाली मी."

रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही विचारलं. त्यानंही काही ऐकलं नव्हतं.

आम्ही दोघांनीच ऐकला. का, ते मला आजही सांगता येत नाही.