दहा वर्षांनंतरची हजेरी

जर्मन शिकवणाऱ्या वेतुरिया ओंचुल मॅडमनी त्या शनिवारी सकाळी कपाटातून हजेरीची वही ओढली आणि वहीतलं पाकीट जमिनीवर पडलं. पडणारच होतं. दहा वर्षं ते त्याच पानांत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते उचललं, एप्रनला पुसलं आणि परत होतं तिथे ठेवलं. काही वाटलं नाही. अलीकडे त्यांना फारसं काही वाटायचंच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालं होतं. फक्त ते तासाभरात उतरतं, यांचं उतरत नव्हतं.

आमच्या रोमानियात ही रीतच आहे. शिकून बाहेर पडल्याला दहा वर्षं झाली की सगळी तुकडी जुन्या वर्गात जमते, आपापल्या जुन्या बाकावर बसते आणि जुने मास्तर हजेरी घेतात. नाव पुकारलं की उभं राहायचं, ‘हजर’ म्हणायचं आणि दहा वर्षांत काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी फुशारक्या मारतं, कुणी डोळे पुसतं, मग सगळे मिळून जेवायला जातात. नवी टाइप केलेली यादी चालत नाही, वही तीच लागते. तेव्हा वही नेणं भाग होतं. पाकीट मात्र घरी ठेवता आलं असतं. ते मॅडमनी का ठेवलं नाही, देव जाणे.

मॅडम उत्तरेकडच्या खेड्यातल्या, सुताराची लेक. जर्मन त्या शिकल्या शेजारच्या एका म्हाताऱ्या जर्मन बाईकडून, तिच्या कोंबड्यांना दाणे टाकता टाकता. पुढे कॉलेजात शिकवायला लागल्या आणि एकतीस वर्षं तिथेच. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत आणि कुणी विचारायची हिंमतही केली नाही.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून एक तास ‘पुढे काय’ हा विषय असायचा. तो मॅडमकडे होता, आणि खरं सांगायचं तर तो त्या फार झकास शिकवायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून जर्मन मॅनेजर व्हायच्या आणि एकेकाची मुलाखत घ्यायच्या.

“‘मला लहानपणापासून भाषांची आवड आहे’? अरे, हे तर शंभरातले नव्व्याण्णव जण लिहितात. मग मी तुलाच का घेऊ? खरं लिहा, पण नीट मांडून लिहा.”

मुलं खो खो हसायची आणि लिहायचीही.

त्या तुकडीत स्मारांदा हुत्सानु होती. बोलायला बुजरी, पण जर्मन कथा आमच्या भाषेत अशी उतरवायची की मूळ लेखकानं आमच्याच गावात बसून लिहिली असावी. व्हिएन्नात पुस्तकांच्या अनुवादाचं वर्षभराचं शिक्षण आणि शिष्यवृत्ती होती, त्याच वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी. अट एकच, शिक्षकाचं शिफारसपत्र बंद पाकिटात शिक्षकानं स्वतः टपालानं पाठवायचं. मॅडमनी ते एका बैठकीत लिहिलं. एकही शब्द खोडला नाही.

नेमकं त्याच आठवड्यात डीननं त्यांना बोलावलं. “ओंचुल मॅडम, तुमचा जर्मन विभाग मी कशाच्या जोरावर चालू ठेवू? कवितांच्या? नोकरीला लागलेली पोरं दाखवा, नाहीतर दिवाळं वाजलंच समजा.”

जुन्या कापडगिरणीत तेव्हा एक कंपनी आली होती. जर्मनीत कुणाचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं की फोन इथे यायचा. कंपनीला जर्मन येणारी आठ मुलं हवी होती, एकदम आठ आणि वर्षभराच्या कराराची. सात तयार होती.

मॅडम पाकिटावर तिकीट लावून टपालपेटीपर्यंत गेल्या. पेटीसमोर उभ्या राहिल्या. उद्या टाकू म्हणाल्या आणि पाकीट पर्समध्ये घालून घरी आल्या. उद्याचा परवा झाला. मुदत गेली.

“पाठवलंत ना, मॅडम?” स्मारांदानं जिन्यात विचारलं.

“पाठवलं गं.”

“आणि नाही झालं तर?”

“तर कंपनी आहेच की. हातची नोकरी सोडायची नसते, बाळ.”

आठवी सही स्मारांदाची झाली. विभाग वाचला, दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी डीननं तो बंद केलाच. मॅडमकडे उरला तो ‘पुढे काय’चा तास, सगळ्या भाषांच्या मुलांसाठी. तो त्या अजून शिकवतात, चष्मा मात्र आता नाकावर ओढत नाहीत.

तर त्या शनिवारी चौदा जण आले. टेबलावर मॅडमसाठी फुलांचा हा ढीग. उन्हानं वर्ग तापला होता, खिडक्या उघडल्या तरी वारं नाही. मॅडमनी वही उघडली. शाळेत शिकवणारी अवदानेई आंकुत्सा उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि रडायला लागली. तिच्यामागून बेझान तिबेरियु उठला.

“हजर! मॅडम, तुम्ही म्हणायचात, जर्मन शिका, युरोपभर फिराल. फिरतोय ना! चाळीस टनांचा ट्रक घेऊन.”

वर्ग फुटला हसून.

“आणि बायोडाटा अजून तुमच्याच पद्धतीचा आहे. फक्त पोट वाढलंय.”

“ते लिहू नकोस त्यात,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं असावं, चेहऱ्यावर तरी आलं होतं.

पुढची नावं झाली. मग मॅडमचं बोट त्या ओळीवर आलं.

“हुत्सानु स्मारांदा.”

“हजर.”

ती खिडकीजवळ उभी राहिली. केस कापलेले, आवाज सपाट आणि गोड, कंपनीत घडवलेला.

“मी त्याच कंपनीत आहे. आधी कपड्यांची मशीनं, मग कॉफीची. आता नव्या मुलांना शिकवते, माफी कशी मागायची ते. मुलगी आहे, पाच वर्षांची.” तिनं मॅडमकडे बघितलं. “मॅडम, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. व्हिएन्नाहून मला साधा नकारसुद्धा आला नाही. आठ महिने मी रोज पत्रपेटी बघायचे. पण एक होतं. कुणी जर्मन माणूस फोनवर अंगावर आला, वाट्टेल ते बोलला, की मी मनात म्हणायचे, बोल बाबा. माझ्याबद्दल एका बाईनं एकदा चांगलं लिहून व्हिएन्नाला पाठवलंय. त्यावर मी दहा वर्षं काढली. काय लिहिलं होतंत, ते तेवढं आज सांगाल?”

“सांगा, मॅडम, सांगा!” मागून तिबेरियु ओरडला.

सांगणं सोपं होतं. पत्र त्यांना तोंडपाठ होतं. खरं होतं आणि नीट मांडलेलंही. नुसतं म्हणून दाखवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि मंडळी जेवायला गेली असती.

मॅडमनी वहीतून पाकीट काढलं. बाकांमधून चालत गेल्या आणि ते स्मारांदाच्या हातात दिलं.

स्मारांदानं पत्ता वाचला. व्हिएन्नाचा. मग तिचा अंगठा कोपऱ्यातल्या तिकिटावर गेला. तिकीट कोरं होतं, टपालाचा शिक्का त्यावर कधी पडलाच नव्हता. ते ती बराच वेळ बघत राहिली. बाकीच्यांना वाटलं, गहिवरली.

“अगं, वाच की मोठ्यानं!”

तिनं पाकीट फाडलं. पत्र आधी मनात वाचलं आणि मग मोठ्यानं, त्याच सपाट, गोड आवाजात. शेवटची ओळ अशी होती: ‘हिला नाकारू नका. हिच्याऐवजी पाठवावं असं माझ्याकडे दुसरं कुणी नाही.’

वर्गानं टाळ्या वाजवल्या. आंकुत्सा पुन्हा रडली. कुणाला काही कळलं नाही. स्मारांदानं पत्राची घडी घातली, पाकीट मात्र बाकावर ठेवलं, मॅडमच्या बाजूला सरकवून.

मॅडम तिच्यासमोर उभ्या होत्या. ती ओरडेल, चारचौघांत उघडं पाडेल, याची त्या वाट बघत होत्या. तिनं तसं करावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. त्यांना लाज वाटली. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं आणि ते हे.

“स्मारांदा, मी...”

“कंपनीला आठ हवे होते, आणि आठवी मीच उरले होते ना?” स्मारांदा हळूच म्हणाली, फक्त त्यांना ऐकू जाईल इतकंच. मग खाली बसली आणि आवाज पहिल्यासारखा केला. “पुढचं नाव घ्या, मॅडम. लोकांना भुका लागल्यात.”

मॅडम पाकीट घेऊन टेबलाशी परत आल्या. वहीतली ओळ त्यांना पटकन सापडेना.

“इफ्रिम कोस्तेल.”

“हजर.”