काकांच्या घाटाची नक्कल

“थांब, अजून पूर्ण कुठं झालंय?” असं म्हणून काका उजव्या हाताची तर्जनी हवेत धरायचे. जन्मभर रेल्वेत नकाशे काढलेला माणूस. ते बोट वर गेलं की समोरच्यानं गप्प बसायचं. तुमच्याही शेजारी असं एखादं बोट असेल, तर माझा जीव किती वेळा मेटाकुटीला आला असेल ते तुम्हाला कळेल.

गंगेकाठी बालाजी घाटाजवळ आमच्याच गल्लीत ते वरच्या मजल्यावर राहायचे. मी बँकेत कॉम्प्युटरवर काम करायचो, म्हणून गल्लीतल्या कुठल्याही यंत्राचं दुखणं माझ्याकडे. काकांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तो आपला कॉम्प्युटर इथंच ठेवून. त्यात एक खेळ होता. गाव वसवायचं, माणसं कामाला लावायची, असा. निवृत्त काका तो थोडे दिवस खेळले आणि मग म्हणाले, “ह्यात नदी भलतीकडेच वाहते. हे चालायचं नाही. आपली गंगा उत्तरवाहिनी!”

त्यांनी नदी वळवली. मग विलायती झाडं काढून पिंपळ लावले. मग ठिपक्यापुढे ठिपका ठेवत घाट बांधले. भोसले घाटाची दगडी हवेली नीट जमावी म्हणून सकाळी नावेत बसून तिच्या खिडक्या पाहून आले. सैनिकांचे नावाडी झाले. पण माऊसनं टिचकी मारली की ते नावाडी इंग्रजीत बोलायचे. काकांनी तेही आवाज काढून टाकले आणि मराठी आवाज घातले. सगळे काकूंचे.

काकूंना ह्याचा पत्ता नव्हता. मेजावर माईक, पलीकडे स्वयंपाकघर. “अहो, पंखा कोणासाठी चाललाय?” “कितीदा हाका मारायच्या माणसानं?” असं सगळं काका गुपचूप टिपून घ्यायचे. मी विचारलं, “काकूंना सांगितलंत?” बोट वर. “पूर्ण झालं की सांगू.”

एक दिवस मशीनमधून कट्-कट् आवाज यायला लागला. मी म्हटलं, “काका, हार्ड डिस्क जाणार. आजच नक्कल काढून ठेवू.”

“अर्धवट गोष्टीची कसली नक्कल? अजून पूर्ण कुठं झालंय?”

मी रोज सांगायचो, ते रोज एखादी पायरी रंगवायचे आणि डिस्क कटकटत राहायची. शेवटी एकदा ते ऐन गर्दीच्या वेळी बँकेत आले आणि काउंटरवर एक फ्लॉपी ठेवली. “घे. अख्खा खेळ एकाच फ्लॉपीत मावला!” मी उघडून पाहिलं. आत खेळाचं नुसतं चित्र होतं, टिचकी मारायला पडद्यावर असतं ते.

“काका, दाराची पाटी उचलून आणलीत. घर तिकडंच राहिलं.”

पुढच्या रविवारी मी फ्लॉप्यांची चळत घेऊन बसलो. खेळाचे तुकडे करून एकेकीत भरले. तपासताना मधलीच एक वाचेना, आणि तिच्यामागची सगळी रांग फुकट गेली. त्याच्या पुढच्या रविवारी बिजली गेली ती आलीच नाही. मग गोदौलियाच्या बाजारातल्या एका दुकानात सीडी काढून मिळते असं कळलं. डिस्क टॉवेलात गुंडाळून आम्ही रिक्शानं निघालो. काका प्रत्येक खड्ड्याला “भैया, धीरे!” करत होते. दुकानात काम निम्म्यावर आलं आणि दिवे गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, “ई सीडी त गइल, अंकल.” दुसरी मात्र निघाली. त्याच आठवड्यात डिस्क मेली.

“बघ, कसं वेळेवर केलं!” काका म्हणाले. मी दातओठ खाल्ले.

नवी डिस्क बसवली, सीडी घातली, आणि कपाळावर हात मारला. काकांनी प्रत्येक आवाजाला लांबलचक नाव दिलं होतं. सीडी काढताना ती सगळी नावं कापली गेली होती. जिकडे बघावं तिकडे नुसतं ‘काकू’ आणि पुढे एक आकडा. कुठला आवाज खेळातल्या कोणाला द्यायचा, कळायला मार्ग नाही. एकेक ऐकणं आलं. काकांनी भरदुपारी ते सुरू केलं, दार उघडं ठेवून.

काकू कणकेच्या हातानं दारात आल्या. स्वतःचंच ओरडणं एकामागून एक ऐकत उभ्या राहिल्या.

“मी नुसती कटकटच करते का हो?”

काकांचं बोट वर गेलं नाही. “तसं नव्हे गं. घाट मुका वाटत होता. तू बोललीस की तिथं माणसं आहेत असं वाटतं.”

काकू आत गेल्या. नंतर कितीतरी दिवस वरच्या मजल्यावरून आवाजच येईना. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. काका जिन्यात भेटले तर म्हणाले, “काम बंद आहे.”

मग एका संध्याकाळी मी वर गेलो, तर काकांच्या शेजारी स्टूल आणि स्टुलावर काकू. “हा नावाड्याला नको. हा दूध उतू गेलं तेव्हाचा, हलवायाला द्या. आणि हा तुम्ही माझ्या भावाला घ्यायला स्टेशनवर गेलाच नाहीत तेव्हाचा. हा अंमळ मोठ्यानं वाजू दे.” त्यांना प्रत्येक भांडण तारीखवार आठवत होतं. यंत्रानं घातलेला घोळ असा निस्तरला.

मी म्हटलं, “आता लगेच नवी सीडी काढू.”

“दोनच घाट राहिलेत रे.” मी तसाच खाली उतरलो, चहासुद्धा न घेता.

त्या थंडीत काका गेले. सकाळी दाढी करता करता. मणिकर्णिका तशी जवळच. गल्लीतल्या गल्लीत आम्ही त्यांना नेलं.

तेरावा झाल्यावर मुलगा काकूंना पुण्याला न्यायला निघाला. काकूंनी मला बोलावलं. “हे जसं आहे तसं सीडीवर उतरवून दे. काही पूर्ण करू नकोस.”

मी खेळ चालू करून एकेक घाट तपासत गेलो. शेवटच्या घाटाला पायऱ्या अर्ध्याच होत्या. खाली एक नावाडी उभा होता. मी टिचकी मारली. काकूंचा आवाज आला, “अहो, ऐकलंत का?” आणि त्याच्या मागोमाग, कापायचा राहून गेलेला, अगदी माईकजवळचा काकांचा, “आलो गं, चहा—”

काकूंनी कधी माऊसला हात लावला नव्हता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, नावाड्यावर नेला आणि जरा जोरातच दाबला.

मग पुन्हा दाबला.