सोमवारचे डोळे

परळीत राहून राखेला शिव्या न देणारा माणूस दाखवाच मला. पण दानम्माचा नवरा वीरभद्रअप्पा या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. डोळे चुरचुरले की पूजासाहित्याच्या दुकानात बसल्या बसल्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांकडं हात करून बोलत सुटायचा. डोळे कायम लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर पाण्याची धार. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या घरात कुणी गेलं की काय.

शेवटी अप्पानं ठरवलं, घर विकायचं आणि लातूरला मुलाकडं, संगमेशकडं राहायला जायचं. घर घेणाराही मिळाला. दानम्माला मनातून जायचं नव्हतं. लातूर वाईट नाही हो, पण तिथं सकाळी दार उघडलं की समोर कुणाचं तरी बंद दार. इथं गल्लीतल्या बाया तिच्या ओट्यावर घटकाभर बसल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही लागत नाही. पण नवऱ्याचे डोळेच चालले असतील तर ओट्यासाठी कसलं अडून बसायचं? ती एवढंच म्हणाली, "जायच्या आधी एकदा डोळ्याच्या डॉक्टरला तरी दाखवा."

अंबाजोगाईच्या डॉक्टर राजनंदिनी यांनी अप्पाची हनुवटी यंत्रावर टेकवली, पापणी उलटी करून बराच वेळ पाहिलं.

"डोळे आलेले नाहीत. बुबुळावर मांसाची वेलही चढलेली नाही. पापण्या सुजल्यात आणि चोळून चोळून बुबुळावर ओरखडे पडलेत. कसली तरी भुकटी जातेय डोळ्यात."

"राख!" अप्पा खूश. "म्या काय सांगत होतो?"

"त्रास जास्त कधी होतो?"

अप्पा वाऱ्याची दिशा समजावून सांगू लागला. दानम्माच्या तोंडून मात्र सहज निघून गेलं, "सोमवारी लई. अन् श्रावणात तर इचारूच नगा."

डॉक्टरीणबाईंनी अप्पाच्या कपाळाकडं पाहिलं. मग दानम्मानंही पाहिलं. बाकीची माणसं विभूती ओली करून तीन बोटं ओढतात. अप्पा आजोबांचा रिवाज म्हणून कोरडीच मुठीनं चोळायचा, आणि सोमवारी तर भुवया पांढऱ्याफेक होईस्तोवर. घाम आला की सगळी खाली पापण्यांत. काखेत कळसा अन् गावाला वळसा! चिमणीला सोमवार कळतो का हो?

दानम्माला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. अप्पाचं तोंड मात्र उतरलं.

"देवाची राख डोळ्याला बाधती व्हय?"

"देवाची आहे ना, मग कपाळालाच लावा," डॉक्टर म्हणाल्या. "ओली लावा, भुवयांच्या वर. पापण्या रोज कोमट फडक्यानं शेकून पुसायच्या. थेंब देते. चोळणं बंद."

परतताना बसमधून परळीच्या चिमण्या दिसल्या तशी अप्पानं मान फिरवली. दानम्माला धास्तीच पडली. हा माणूस चूक कबूल करायच्या आधी लातूर गाठायचा.

सोमवारी ती दाराआडून बघत राहिली. अप्पानं विभूतीची मूठ भरली, थोडा थांबला, मूठ परत डब्यात सोडली आणि तळहातावर पाणी घेतलं. पुढच्या काही दिवसांत डोळ्यांची लाली उतरत गेली.

"काय निघालं, अप्पा?" शेजारच्या सोमेश्वरनं विचारलं.

"राखच," अप्पा म्हणाला. "डॉक्टरबी तेच म्हनल्या."

दानम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

संध्याकाळी अप्पानं मुलाला फोन लावला. "त्या घर घेनाऱ्याला न्हाई म्हनून सांग. आमी येत न्हाई."

"कावून? सगळं तर ठरलं होतं."

अप्पानं बायकोकडं पाहिलं आणि झटकन नजर वळवली. "तुझ्या आईचा पाय निघंना परळीतून. तिला न्हाई यायचं."

दानम्मा फोनजवळ येऊन म्हणाली, "व्हय रे बाबा, मलाच न्हाई यायचं."

आणि ते खरंच होतं. फक्त आजवर तिनं ते कुणालाच, अगदी अप्पालाही, सांगितलं नव्हतं.