आबांची नडगी

आमचे आबा म्हणजे कुणाचं ऐकून घेणारा माणूसच नव्हे. बांधावरून घसरून नडगी मोडली, प्लॅस्टर झालं, आणि महिना व्हायच्या आत हे लोकर कातरायची कातर घेऊन प्लॅस्टर कापायला बसले. आईनं मला फोन केला. मी दौंडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळं माहेरी कुणाचं काही दुखलं की डॉक्टर मीच.

माहेरी कवठ्याला पोचले तर आबांचा हिशेब तयार. जन्मभर बांबूच्या कामट्या बांधून मेंढरांचे मोडलेले पाय जोडलेला माणूस.

"कोकराचं हाड कवाच धरतंय. मला काय धाड भरलीय?"

"आबा, तुम्ही कोकरू आहात का?"

"बापाला शिकवू नगं. हाड म्हंजी वाळकं लाकूड. त्यात काय जीव हाय?"

असा संताप आला मला. पाय वाकडा जुळला असता तर जन्माचं लंगडणं आलं असतं. आईला कातर लपवायला सांगितली आणि पुढच्या रविवारी कॉलेजचा मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन परत आले. मेंढीच्या हाडाची चकती कापली, आधी पायरीच्या दगडावर आणि मग पॉलिश पेपरवर घासघासून आरपार दिसेल इतकी पातळ केली. "एवढं शिकून हाडं घासायची येळ आली व्हय," आई म्हणाली. मी आरसा उन्हाकडं वळवला आणि आबांना भिंगाला डोळा लावायला लावला.

आबा भिंगावरून डोळा काढेनात. मधे भोक, भोकाभोवती कडी, कड्यांमध्ये काळे ठिपके, आणि ठिपक्यांचे केसासारखे पाय एकमेकांना भिडलेले.

"भोकातून रक्त जातं," मी म्हणाले. "ठिपके म्हणजे पेशींची घरं. त्याच हाड रचतात आणि रचता रचता आत अडकतात. मग या बारीक वाटांनी एकमेकींना खाऊपिऊ घालतात."

"म्हंजी भित बांधता बांधता गवंडी आतच ऱ्हायला. आन् माझ्या पायात?"

"तिथं अजून कच्चं बांधकाम चाललंय."

आबांनी पाय तेवढा दोन्ही हातांनी अलगद उचलून उशीवर ठेवला. त्यानंतर प्लॅस्टरचं नाव काढलं नाही.

शेवटी शिरूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहून प्लॅस्टर काढलं. हाड सरळ धरलं होतं. "टेका पाय," ते म्हणाले. घाईनं घर डोक्यावर घेतलेले आबा जागचे हलेनात. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले,

"माझा भार पडला तर त्या गवंड्यास्नी लागंल का गं?"

हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"नाही आबा. भार पडला की ते आणखी नेटानं कामाला लागतात."

मग आबांनी पाय टेकला.