आजींची उमेबोशी

जुलै संपत आला की आमच्या शेजारच्या आजी सकाळी घरामागच्या लाकडी डेकवर येऊन तळहात आकाशाकडे धरायच्या, प्रसादासाठी पुढे करावा तसा. हातावर ऊन घ्यायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि स्वतःलाच सांगायचं, "नॉट येट." मग आत. असं आठ-दहा दिवस चालायचं. अमेरिकेतल्या आमच्या या बॉथेल गावचं ऊन तुम्ही पाहिलं असेल तर तुम्हाला माहीतच आहे, आधी भरपूर भाव खातं आणि मग चार दिवस येतं. ते मनासारखं आलं की एका सकाळी डेकवर बांबूच्या चपट्या टोपल्या मांडलेल्या दिसायच्या आणि त्यांत ओळीने लालसर फळं.

आजींना नाव होतं, पण आमच्या घरात त्या आजीच. ऐंशी ओलांडलेल्या, उंचीने माझ्या खांद्याला लागणाऱ्या, लग्न करून जपानहून इथे आलेल्या. आमचं बोलणं दोघींच्याही परक्या इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते बरंचसं मराठीत लिहिते आहे, त्या हरकत घेणार नाहीत.

त्यांच्या मागच्या अंगणात उमेचं झाड होतं. उमे म्हणजे जर्दाळूच्या जातीचं, मोठ्या आवळ्याएवढं फळ. पिकायला आलं की मिठात घालून वर दगड ठेवायचा, सुटलेल्या पाण्यात लाल पानं टाकून महिनाभर मुरवायचं आणि मग वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात तीन दिवस वाळवायचं. त्याची उमेबोशी होते. मी नागपूरची, सांडग्या-कुरड्यांत वाढलेली. त्या टोपल्या पाहून मला एकदम माहेरची गच्ची आठवली आणि भरून आलं. लेकीला ते काही कळलं नाही. "आई, इट्स जस्ट फ्रूट," ती म्हणाली.

आजींनी पहिल्यांदा मला एक उमेबोशी दिली तेव्हा माझा चेहरा असा काही झाला, की त्या तोंडावर हात धरून कितीतरी वेळ हसत राहिल्या. कैरी त्यापुढे गोड म्हणायची! त्यांच्याकडे डब्यातल्या पांढऱ्या भाताच्या मधोमध एक ठेवतात, आणि आजारी माणसाला पातळ शिजवलेल्या भाताबरोबर देतात. मी सांगितलं, आमच्याकडे तापात मऊभात आणि लिंबाचं लोणचं. आजींनी गंभीरपणे मान हलवली. त्या दिवसापासून त्या मला भर उन्हात फळं उलटायला बोलवू लागल्या; संध्याकाळच्या आत मी घरी परतलेली असायचे.

हे उलटणं म्हणजे एक कामच होतं. चॉपस्टिक्सने एकेक फळ उचलून अलगद पालथं करायचं. माझ्याकडून एखाद्याची साल फाटली तर आजी मला काही बोलायच्या नाहीत. त्या फळापुढे मान लववून त्याची माफी मागायच्या. ते फारच लागायचं.

एकदा आमच्या वसाहतीच्या असोसिएशनने त्यांना पत्र पाठवलं, की डेकवर अन्न वाळत घालणं नियमात बसत नाही. आजींनी सेक्रेटरीच्या दारात एक लहान बरणी नेऊन ठेवली. दुसरं पत्र आलं नाही. बरणी आवडल्यामुळे की दुसरी येईल या भीतीमुळे, ते मला माहीत नाही.

आजोबा होते, पण घरी नव्हते. त्यांना काही आठवेनासं झाल्यावर वृद्धांची काळजी घेणाऱ्या जवळच्या एका होममध्ये ठेवलं होतं. आजी रोज दुपारी बसने जायच्या, त्यांना जेवण भरवायच्या आणि परत यायच्या. आजोबा आजींना ओळखत नव्हते. तिथलं जेवण ते थुंकून टाकायचे. आजींनी नेलेल्या पातळ भातात उमेबोशीचा तुकडा असला, तरच तोंड उघडायचे. मी सांगते आहे त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे फळं घालता आली नव्हती आणि शेवटच्या बरणीचा तळ दिसत होता. दुकानातली आणून पाहिली, ती आजोबांनी थुंकली. म्हणजे त्या वर्षी जे वाळत होतं, त्यावर आजोबांचं जेवण अवलंबून होतं. हे मला पक्कं माहीत होतं.

टोपल्या मांडल्या त्याच दुपारी होममधून फोन आला. आजोबांना ताप होता. आजी घाईने निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "फळांकडे बघशील?"

बघशील म्हणजे काय! दिवेलागणीच्या आत वाळवण उचललं नाही तर माझ्या माहेरी रात्रीचं जेवणसुद्धा बोलणी खाऊनच व्हायचं. संध्याकाळ झाली तशा मी सगळ्या टोपल्या आमच्या गराजमध्ये आणल्या आणि वर धुतलेली सुती साडी घातली. सकाळी पुन्हा उन्हात, संध्याकाळी पुन्हा आत. असं तीन दिवस; आजी तिकडेच राहिल्या होत्या. दवाचा एक थेंब लागू दिला नाही. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, आमच्याकडची शिस्त.

चौथ्या दिवशी आजी परतल्या. आजोबांचा ताप उतरला होता. आजींनी एक फळ उचलून दोन बोटांत दाबलं. मग दुसरं.

"रात्री कुठे होती?"

"आत," मी म्हटलं. मी शाबासकीची वाट पाहत होते.

आजींनी फळ खाली ठेवलं आणि हळूहळू सांगितलं. दिवसा ऊन, रात्री दव, दोन्ही लागतं. दवाने साल मऊ होते. आजोबांना दात नाहीत.

आणखी तीन रात्री बाहेर ठेवू, असं मी म्हणेपर्यंत पूर्वेकडच्या वणव्यांचा धूर आमच्यावर उतरला. आकाश पिवळं झालं, खिडक्यासुद्धा उघडता येईनात. मला इतकी लाज वाटली, की मी आजींच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्यांनी मला बसवलं आणि आमच्याकडे कसं वाळवतात ते विचारलं. मी गच्ची, आई, संध्याकाळची धावपळ सगळं सांगितलं.

"तू तुझ्या आईचं ऐकलंस," त्या म्हणाल्या. "त्याला चूक कसं म्हणू?"

मग दोघींनी बसून एकेक फळ चाळणीवर घासलं. साल वर राहिली, खाली लाल गर पडला. बरण्या भरल्या आणि आजी मला पहिल्यांदाच होममध्ये घेऊन गेल्या. भातावर कणभर गर ठेवून त्यांनी चमचा पुढे केला. आजोबांनी तोंड घट्ट मिटलं होतं. आजी थांबल्या, घाई केली नाही. मग आजोबांनी तोंड उघडलं, गिळलं, सगळा चेहरा आंबट झाला आणि पुन्हा तोंड उघडलं. मला आजवर कुठल्या निकालाचा इतका आनंद झालेला नाही.

तो गर आजोबांना शेवटपर्यंत पुरला. हिवाळ्यात ते गेले. वसंतात मुलगा आजींना ॲरिझोनाला घेऊन गेला आणि घर विकायला निघालं.

यंदा झाड नेहमीसारखंच लगडलं. गवत कापायला येणारा माणूस पडलेल्या फळांवरून मशीन फिरवायचा. मला ते बघवेना. एका सकाळी घर विकणाऱ्या एजंटला विचारून सगळी उतरवली आणि आजींना फोन लावला.

"मी मिठात घालते," मी म्हटलं. "तीनही रात्री बाहेर ठेवीन. झाली की तुम्हाला पाठवते."



"मला नको," त्या म्हणाल्या. "मला आंबट आवडत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

नऊ वर्षं मी त्यांची शेजारीण होते. त्यांना एकही उमेबोशी तोंडात टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पुढ्यात दोन बादल्या भरून फळं होती.

"किती किलो निघाली?" आजींनी विचारलं.

मी वजन केलं नव्हतं.

"आधी वजन कर. मीठ त्यावर ठरतं."

मी वजनकाटा आणायला आत गेले. त्या फोनवर थांबल्या.