दोनशे बारावा व्हॉल्व्ह

त्या वर्षी शहराने प्रगती करायचं ठरवलं. आधी करत नव्हतं असं नाही, पण आधीची प्रगती आपली होईल तेव्हा होईल अशी असायची. या खेपेला तिला तारीख होती. नगरपालिकेच्या फाटकाशी दोन पुरुष उंचीचा फलक लागला, त्यावर चाळीस कामं लिहिली गेली आणि प्रत्येक कामापुढे एक पांढरं वर्तुळ काढलं गेलं. काम झालं की वर्तुळ हिरवं रंगवायचं. पहिल्या दोन महिन्यांत बसथांब्यांवर बाकं आली आणि वर्तुळ हिरवं झालं. बस वेळेवर येणं यादीत नव्हतं, त्यामुळे बाकांचा उपयोग भरपूर झाला.

सतरावं काम पाण्याचं होतं. शहरातले सगळे व्हॉल्व्ह नकाशावर आणायचे, त्यांना मोटरी बसवायच्या आणि पाणी कार्यालयातून बटणाने सोडायचं. हे दोनदोनदा वाचणारा एक माणूस फलकासमोर चावी घेऊन उभा होता. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. ती रस्त्यातल्या खड्ड्यात उतरवायची, खालच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची, की त्या भागाला पाणी सुटतं. एकतीस वर्षं तो हेच करत होता. त्याचं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, शहर त्याला चावीवाला म्हणायचं. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलं होतं.

कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांचा, म्हणजे किती फेऱ्यांत उघडणारा, कुठला शेवटच्या आट्याला अडतो, कुठल्याला आधी थोडं मागे घेऊन मग पुढे न्यावं लागतं, सगळं त्याच्या मनगटात होतं. सळईचं टोक पाइपवर टेकवून वरच्या मुठीला कान लावला, की पाणी कुठवर पोचलं ते त्याला ऐकू यायचं. साहेब लोक बदलून जात, हा जागेवरच. लग्नकार्य असो की मयत, लोक त्याला आधी गाठत, कारण पाणी अर्धा तास जास्त सोडणं फक्त त्याच्या हातात होतं. माणसाला आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याची एकदा चटक लागली की ती दारूपेक्षा वाईट.

नकाशा करायला आलेली इंजिनीअर बाई त्याच्या मुलीच्या वयाची होती. हुशार होती आणि गर्व नव्हता, हीच पंचाईत. गर्विष्ठ असती तर त्याने तिला घुमवलं असतं. ती त्याला काका म्हणायची, खड्ड्यात स्वतः उतरायची आणि तो सांगेल ते लिहून घ्यायची. चार महिने दोघं शहरभर फिरली. त्याने एकेक करून एकतीस वर्षं तिच्या वहीत उतरवली. दोनशे अकरा व्हॉल्व्ह झाले.

“झाले सगळे?” तिने विचारलं.

“झाले,” तो म्हणाला.

झाले नव्हते. एक राहिला होता, आणि तो विसरून राहिला नव्हता.

शहराचं सांडपाणी जिथून वाहतं त्या नाल्याकाठी खालची वस्ती होती. तिचा पाइप नाल्याच्या कुशीतून गेलेला, जुना, जागोजागी तडे गेलेला. पाणी चालू असेतो भीती नव्हती, कारण आतलं पाणी बाहेर रेटतं. पण पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा व्हायचा, आणि रिकामा पाइप त्याच तड्यांतून नाल्याची घाण आत ओढायचा. पाइप बदलण्याचा अर्ज कुठल्यातरी कपाटात म्हातारा होत होता. म्हणून चावीवाल्याच्या वस्तादाने कधीकाळी वरच्या टाकीपासून एक बारीक नळी गुपचूप जोडून घेतली आणि तिच्यावर भंगारातला एक व्हॉल्व्ह बसवला. वस्तीचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला की हा तीन आटे उघडायचा. मग पाइप भरलेला राहतो आणि घाणीला आत यायला जागा मिळत नाही. तीनऐवजी दोन झाले तर पाइप रिकामा, चार झाले तर वरच्या वसाहतीत पाण्याची बोंब. दुसऱ्या दिवशी पाणी सोडायच्या आधी पुन्हा बंद करायचा. बाकी सगळे व्हॉल्व्ह डावीकडे फिरवले की उघडतात, हा उजवीकडे फिरवल्यावर उघडायचा. सगळ्यांपेक्षा उलटा हात, म्हणून वस्तादाने त्याचं नाव डावरा ठेवलं. कागदावर तो कधी आलाच नाही. वस्ताद गेल्यावर डावरा एकट्या चावीवाल्याचा झाला.

तो त्याने बाईला दाखवला नाही. एक तरी पान आपल्या हातात राहू दे, एवढंच तेव्हा मनात होतं. वाईट हेतू नव्हता असं तो पुढे स्वतःला पुष्कळदा सांगणार होता.

मोटरी बसल्या. त्याला कार्यालयात चाकांची खुर्ची मिळाली आणि समोर पडदा, ज्यावर दोनशे अकरा हिरवे ठिपके. ठिपका लाल झाला तर कळवायचं, एवढंच काम. डावऱ्याचं काम मात्र तो न चुकता करत राहिला. पहाटे कामावर येताना वाकडी वाट करून तो बंद करायचा, आणि साडेनऊला वस्तीचं पाणी बंद होऊन लोक चहाला उठले की गोणपाटात गुंडाळलेली चावी सायकलला बांधून जायचा, तीन आटे उघडून यायचा. काका चहाला एवढ्या लांब कुठे जातात, म्हणून कार्यालयात चेष्टा चालायची. तो हसून न्यायचा.

मग सतरावं वर्तुळ हिरवं झालं, तेही मुदतीच्या आधी. मोठे साहेब पेढे वाटल्यासारखे शाबासक्या वाटत त्याच्या खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, “काका, तुमचं डोकं आता मशीनमध्ये आलं. चावी जमा करा, वर्षपूर्तीच्या कार्यक्रमात काचेच्या पेटीत ठेवू.” ते त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. सगळे हसले, इंजिनीअर बाईसुद्धा हसली. तोही हसला, आणि ते हसू त्याला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

त्याने ठरवलं, चार दिवस डावरा उघडायचा नाही. पूर्वी एकदा तो तापाने पडला होता तेव्हा दोनच दिवसांत वस्तीच्या नळांना वास आला होता, आणि अर्धी वस्ती त्याच्या दारात उभी राहिली होती. तसंच होईल. फोन खणखणतील, साहेबांची धावपळ होईल, पडद्यावर दोनशे अकरा ठिपके हिरवेच्या हिरवे, आणि कुणाला काही उमगणार नाही. मग बाई येईल, काका आता काय करायचं म्हणेल. तो चावी घेऊन चालत जाईल आणि सगळ्यांच्या देखत तीन आटे फिरवील. हे चित्र त्याने इतक्यांदा डोळ्यांपुढे आणलं, की त्यातलं पाणी कुणीतरी पिणार आहे ही गोष्ट त्यात मावलीच नाही.

एका माणसापुरती मात्र मावली. खालच्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि हा चार. दुसऱ्यांच्या घरी पाणी भरून तिने याला वाढवलं. तिच्या डोक्यावरच्या हंड्यांवर तो मोठा झाला म्हटलं तरी चालेल. आता तिचा मुलगा परगावी कामाला होता आणि ती सून आणि दोन नातवंडांबरोबर दोन खोल्यांत राहत होती. रविवारी तो तिच्याकडे गेला. ती डाळ निवडत होती.

“अक्का, आठवडाभर पाणी उकळून पी.”

“का रे धाकट्या?”

“लाइनचं काम चालू आहे.”

“तू आहेस ना बघायला?”

“आहे,” तो म्हणाला.

सोमवारी साडेनऊला तो सगळ्यांबरोबर चहाला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काका माणसांत आले म्हणून. मंगळवारी फोन आला नाही. बुधवारीही नाही. त्याला आधी नवल वाटलं, मग चक्क राग आला, वस्तीवरच. नाकं मेली की काय यांची. पडदा हिरवागार होता. तक्रारी आता खिडकीवर घेत नसत, मोबाइलवर नोंदवायच्या होत्या, आणि घर क्रमांक टाकल्याशिवाय नोंद पुढे सरकत नव्हती. खालच्या वस्तीत घरांना क्रमांक नव्हते. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. एक दिवस आणखी बघू, असं तो रोज म्हणत राहिला.

गुरुवारी दुपारी फोन आला तो त्याच्याच खिशातला. अक्काची सून बोलत होती. सासूबाईंना पहाटेपासून जुलाब आणि ओकाऱ्या, रुग्णालयात आणलंय, लगेच या. वस्तीतले आणखी आठ-नऊ जण आलेत, मामा, काय झालंय काही कळत नाही.

तो सायकलवर बसला. चौकात एक रस्ता रुग्णालयाकडे जात होता आणि एक नाल्याकडे. तो क्षणभर थांबला आणि नाल्याकडे वळला. खड्ड्यावरची फरशी सरकवताना बोट चेंगरलं ते त्याला कळलंही नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात चुकला आणि डावऱ्याला त्याने डावीकडे जोर लावला. मग सावरून उजवीकडे तीन आटे घेतले. मुठीला कान लावला. पाणी उतरत होतं. त्यानंतर तो रुग्णालयात गेला.

अर्धा तास गेला असेल. अक्का तोवर बोलत होती, आताच शुद्ध हरपली, असं परिचारिकेने सांगितलं. त्याने चिखलाचे हात पँटला पुसले आणि तिचा हात हातात घेतला. त्या हाताने त्याला पुन्हा ओळख दिली नाही. शुक्रवारी सकाळी ती गेली. बाकीचे लोक आठवड्याभरात बरे होऊन घरी आले. डॉक्टरांनी कागदावर जुलाब आणि वय अशी दोन कारणं लिहिली, आणि दोन्ही खरी होती.

तीन आठवड्यांनी वर्षपूर्तीचा कार्यक्रम झाला. चाळीसच्या चाळीस वर्तुळं हिरवी. अहवाल वाचताना साहेबांनी सांगितलं, की मोटरी बसल्यापासून खालच्या वस्तीतून पाण्याची एकही तक्रार आलेली नाही. काचेची पेटी रिकामीच होती, काकांच्या घरी दुःख झालंय म्हणून कुणी चावी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनीअर बाईला नाल्याकाठी नेलं आणि फरशी सरकवून डावरा दाखवला. सगळं सांगितलं. नळी कुणी जोडली, कशासाठी, किती आटे, कुठल्या बाजूला. ती भराभरा लिहीत होती. मग तो म्हणाला, “मी तो चार दिवस बंद ठेवला होता. मुद्दाम.”

तिचं पेन थांबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं हे त्याला दिसलं. त्याला वाटलं, आता ही ओरडेल. तिने ओरडावं, चारचौघांत नेऊन उभं करावं, असं त्याला फार वाटत होतं. कुणीतरी आपल्याला हरामखोर म्हटल्याशिवाय झोप लागणार नाही, इथवर तो येऊन पोचला होता.

“काका, निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुमच्या,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मी पण नकाशा पूर्ण झाला म्हणून सही केलीय. हे आता कुणाला सांगू नका. सांगून तुमची बहीण परत येणार आहे का?”

तिने वहीत लिहिलं: दोनशे बारा, जुना, उलट्या आट्यांचा, मोटर बसवणे. खाली त्याची सही घेतली. अशा रीतीने डावरा नकाशावर आला.

संध्याकाळी तो अक्काच्या घरी गेला. सुनेला तरी सांगायचंच, ती शिव्या देईल, पोरांना घेऊन दार लावील, जे करील ते बरोबर असेल, असं ठरवून गेला. पोरं बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होती, धडधाकट. त्यांच्याकडे पाहून त्याला कसंसंच झालं. सुनेने त्याला बसायला पाट दिला. तो तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली, कारण तिचंही मन भरून आलं होतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सोमवारपासून पाणी उकळायला घेतलं, ती म्हणाली. मंगळवारी नळाला वास आला. मोबाइलवर तक्रार जाईना, म्हणून बायका सासूबाईंकडे आल्या, तुमच्या भावाला सांगा म्हणून. तर त्याच त्यांना म्हणाल्या, त्याला माहीत आहे, तो बघतोय, उगाच त्याच्या नोकरीला घोर लावू नका. म्हणून कुणी तुमच्या दारात आलं नाही.

“आणि अक्का स्वतः?” त्याने विचारलं.

“पोरांना उकळलेलंच द्यायला लावायच्या. त्यांना मी दिलं की आपण मात्र पेला बाजूला ठेवायच्या, नळाचंच प्यायच्या. म्हणायच्या, एवढी वर्षं माझ्या धाकट्याने सोडलेलं पाणी पितेय, मला काय होतंय.” तिने पदराने डोळे पुसले. “फार जीव होता हो त्यांचा तुमच्यावर.”

सांगायला आलेलं तसंच ठेवून तो पाटावरून उठू लागला. ती आत गेली आणि पेला भरून घेऊन आली.

“घ्या मामा,” ती म्हणाली. “उकळलेलं आहे. तुम्ही सांगितलंत तेव्हापासून रोज उकळते.”